पाच लिटर

अक्कलकोटला पोहोचून गाडीतले सामान उतरवत असताना मागच्या सीटखाली एक प्लास्टिकचा कॅन हाताला लागला, आणि त्या क्षणापासून माझे मन थाऱ्यावर नाही. कॅन पाच लिटरचा, मूळचा खाद्यतेलाचा होता. त्याच्यावरचे लेबल कधीच झिजून गेले होते, झाकण हरवू नये म्हणून सुतळीने मुठीला बांधलेले होते, पाणी गार राहावे म्हणून भोवती बारदान गुंडाळून ते दाभणाने नीट शिवलेले होते, आणि हाताला कड काचू नये म्हणून मुठीवर लुगड्याच्या काठाची पट्टी पिळून बांधलेली होती. ज्या बाईचा तो कॅन होता तिचे नाव मला माहीत नव्हते. तिने त्यातले पाणी मला दिले, मी ते इंजिनावर ओतले, गाडी सुरू झाली आणि मी निघून आले, कॅनसकट. मे महिन्याच्या दुपारी उघड्या माळावर शेळ्यांमागे हिंडणाऱ्या म्हातारीचे दिवसभराचे पाणी मी लोखंडावर संपवले होते आणि वर तिचे भांडेही उचलून आणले होते.

तिने मागून हाक मारली असेल का, हे मला आजही ठरवता येत नाही. मारली असेल तरी आमच्या गाडीच्या सायलेन्सरच्या आवाजात ती माझ्यापर्यंत पोहोचणे शक्य नव्हते.

गाडी माझ्या आबांची. १९६०च्या दशकातली फियाट ११०० डिलाइट, जिने पुढे पद्मिनी हे नाव घेतले त्या घराण्यातली. आमचा सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांचा लहानसा कारखाना होता, आणि आबांनी ही गाडी जुनीच विकत घेतली तेव्हा मी शाळेत जायला नुकती लागले होते. विजापूर वेशीजवळ रद्दीच्या गठ्ठ्यात त्यांना एकदा दोन-तीन अमेरिकन मासिके सापडली होती आणि त्यांतली चित्रे बघून त्यांच्या डोक्यात ‘हॉट रॉड’ हा शब्द शिरला. इंग्रजी त्यांना जेमतेम येत असे, पण त्या मासिकांमधली गोष्ट त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचून काढली होती आणि आम्हा मुलांना ती रात्री गच्चीवर सांगितली होती. १९३२ साली फोर्ड कंपनीने सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत आठ सिलिंडरचे इंजिन बसवले. पुढे त्या गाड्या जुन्या होऊन भंगाराच्या भावात आल्या, तेव्हा तिकडच्या पोरांनी त्यांचे मडगार्ड काढले, बॉनेट काढले, जे जे जड आणि शोभेपुरते होते ते ते उतरवून टाकले, इंजिने घरच्या गॅरेजात पुन्हा बांधली आणि कॅलिफोर्नियात म्युरॉक, एल मिराज अशा आटलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रांत त्या गाड्या बेभान पळवल्या. आटलेले तळे हा शब्द आला की आबा थोडे थांबत. सोलापूरच्या माणसाला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही.

मग आबांनी आणि मिस्त्रीकाकांनी आमच्या फियाटचे तसेच काहीतरी करायचे ठरवले. मिस्त्रीकाका मूळचे गिरणीतल्या वर्कशॉपचे लेथवाले, घरी तेलुगू बोलणारे, लोखंडाला कान लावून त्याचे दुखणे ओळखणारे गृहस्थ. त्यांनी १०८९ सीसीच्या त्या इंजिनाचे हेड घासून कॉम्प्रेशन वाढवले, फ्लायव्हील लेथवर चढवून हलके केले, एका कार्बोरेटरच्या जागी दोन बसवले, स्टिअरिंगला असलेला गिअर खाली जमिनीवर आणला, मागच्या पाट्यांमधले एक पान काढून गाडी चार बोटे खाली बसवली आणि सायलेन्सर असा काही बनवला की आबा अशोक चौकात असले तरी आईला घरी चहाचे आधण ठेवता येई. दोन वर्षे दर रविवार त्यात गेला. माझ्या बालपणाचा वास कुणी विचारला तर तो ग्रीसचा, तापलेल्या रबराचा आणि मिस्त्रीकाकांच्या डब्यातल्या शेंगाचटणीचा आहे.

आबांना या गाडीबद्दल आणखी एक अभिमान होता. ती कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झाली होती, आणि ज्यांनी १९४४ साली ती प्रीमियर कंपनी उभारली ते वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले होते. जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही उद्योगांचा पाया घालणारा माणूस आपल्या गावचा, हे आबा इतक्या वेळा सांगत की मी लहानपणी वालचंदांना आमचे कुणी लांबचे नातेवाईक समजत असे. ‘पण ही गाडी त्यांनी पाहिलीच नाही,’ असेही आबा शेवटी म्हणत. वालचंद १९५३ मध्ये गेले आणि फियाट ११०० इथे जोडली जाऊ लागली ती १९५४ मध्ये. या एका वर्षाच्या अंतराची आबांना खरोखर हळहळ वाटे.

त्या दिवशी मी निघाले होते ती मिस्त्रीकाकांकडेच. ते आता अक्कलकोटला मुलीकडे असतात, वय ऐंशीच्या घरात आहे, दोन्ही डोळ्यांना आकृतीपलीकडे काही दिसत नाही. आबा गेल्यावर सात वर्षे गाडी झाकून ठेवलेली होती. ती गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा चालू करून घेतली, हे त्यांना कळले तेव्हापासून त्यांचे दर आठवड्याला निरोप येत होते. त्यांना गाडी बघायची नव्हती, ऐकायची होती. मी पहाटे सहाला निघणार होते, कारण या गाडीचा त्यांनीच घालून दिलेला नियम मला पाठ आहे: उन्हाळ्यात बारा ते चार तिला रस्त्यावर आणायचे नाही. पण त्या दिवशी नळाला पाणी यायचे होते. ११७ टीएमसीचे उजनी आमच्याच जिल्ह्यात आहे आणि आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी एकदा पाणी येते, त्यामुळे पाण्याचा दिवस सोडून घराबाहेर पडणे ही गोष्ट आमच्या गल्लीत कुणी करत नाही. पाणी आले साडेनऊला. पिंप, हंडे, बादल्या, छतावरची टाकी असे सगळे भरून झाले आणि शेवटी दोन बादल्या उरल्या. त्या दोन बादल्यांनी मी गाडी धुतली. इतक्या वर्षांनी ती मिस्त्रीकाकांच्या दारात उभी राहणार होती, ती धुळीने भरलेली नसावी असे मला वाटले. ज्या माणसाला दिसत नाही त्याच्यासाठी मी गाडी धुतली आणि पिण्याच्या पाण्याची एकच बाटली सोबत घेतली.

वळसंग मागे टाकून मी बरीच पुढे आले आणि गाडीने पहिला झटका दिला. मग दुसरा. अॅक्सिलरेटर दाबला की आतून काहीतरी गिळल्यासारखा आवाज येई आणि वेग उतरे. मी ती कशीबशी रस्त्याच्या कडेला, एका बाभळीच्या विरळ सावलीत घेतली आणि इंजिन बंद पडले. त्यानंतर जी शांतता पसरली ती मला अजून कानांत जाणवते, कारण त्या सायलेन्सरच्या आवाजानंतरची शांतता नेहमीपेक्षा खोल असते. दोन्ही बाजूंना भेगाळलेली काळी राने, लांब एका बांधावर एकच लिंब, आणि त्याच्याही पलीकडे डांबरावर पाण्यासारखी हलणारी उन्हाची झळ. पारा त्रेचाळीसच्या आसपास असावा. ट्रक येत होते, हवेचा एक गरम तडाखा देऊन जात होते. मोटारसायकलवरून दोघे-तिघे थांबले, त्यांनी कौतुकाने गाडीचे फोटो काढले, विचारपूस केली आणि आपापल्या वाटेने गेले. त्यांच्याकडून मदतीची अपेक्षा करणेही चूक होते, कारण आता या इंजिनात हात घालणारी माणसे फारशी उरलेली नाहीत.

काय झाले आहे हे मला माहीत होते. आबांच्या शेजारी बसून मी ते पाच-सहा वेळा तरी पाहिले होते. जुन्या गाडीत पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच जोडलेला असतो. त्याच्या आत एक रबरी पडदा वरखाली होतो आणि टाकीतले पेट्रोल कार्बोरेटरकडे ढकलतो. इंजिन फार तापले की त्या पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते. पडदा हलत राहतो, पण वाफ दाबली की नुसती आक्रसते, पुढे सरकत नाही, आणि टाकी अर्धी भरलेली असताना गाडी पेट्रोलवाचून उभी राहते. आमच्या गाडीला हा त्रास जास्त, कारण एका कार्बोरेटरसाठी बनवलेला पंप दोन कार्बोरेटरना पेट्रोल पुरवत होता. यावर उपाय एकच, पंपावर ओले फडके टाकायचे आणि तो निवेपर्यंत धीर धरायचा. मी ओढणी काढून घडी केली आणि बाटली उघडली. बाटलीत दोन घोट पाणी होते. बाकीचे मी वाटेत पिऊन संपवले होते.

‘नीर बेकेनव्वा?’

मी वळून पाहिले. हिरवे लुगडे, कपाळावर गोंदण, पायांत ट्रकच्या टायरच्या चपला, मागे दहा-बारा शेळ्या. अक्कलकोटच्या वाटेवर कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात नांदतात, आणि सोलापूरच्या माणसाला पाण्यापुरते कन्नड येतेच. मी म्हणाले, ‘अव्वा, मला नको, गाडीला हवंय.’ ती जवळ आली, उघड्या बॉनेटमधून आत डोकावली, आणि तळहात इंजिनाच्या वर जरा दूर धरून म्हणाली, ‘हिच्या अंगात ताप हाय की गं.’ आजारी जनावराबद्दल बोलावे तसे ती बोलली. मग तिने काखेतला कॅन पुढे केला. मी त्यातले थोडे पाणी ओढणीवर घेतले आणि ओढणी पंपावर ठेवली. चर्र आवाज झाला, वाफ आली, आणि ओढणी बघता बघता कोरडी होत गेली. मी पुन्हा पाणी घेतले. पुन्हा. ती काही बोलत नव्हती, फक्त शेळ्यांना हाकारत होती आणि मधूनच माझ्या हाताकडे पाहत होती. खरे तर ओल्या फडक्याने आणि अर्ध्या तासाच्या धीराने काम झाले असते. पण मला उशीर झाला होता, म्हातारे काका वाट बघत बसले होते, ऊन डोक्यात शिरत होते, आणि मी तो कॅन तिरपा करून उरलेले सगळे पाणी पंपावर, नळीवर, आजूबाजूला ओतून दिले. ते खाली काळ्या मातीत पडले आणि भेगेत गेले.

गाडी चौथ्या प्रयत्नाला सुरू झाली. तिने आनंदाने टाळी वाजवली, हे मला स्पष्ट आठवते. मी हात जोडले, पैसे पुढे केले, तिने ते घेतले नाहीत. मी कॅन मागे कधी टाकला हे मात्र आठवत नाही.

मिस्त्रीकाका ओट्यावर बसून होते. मी गल्लीच्या तोंडाशी वळले तेव्हाच ते उठून उभे राहिले होते, असे त्यांच्या मुलीने सांगितले. त्यांनी मला इंजिन चालू ठेवायला लावले आणि बॉनेटवर हात ठेवून ते बराच वेळ मान हलवत राहिले. मग म्हणाले, ‘अम्मा, पंप रडतोय हिचा.’ नातवाला हाताशी घेऊन त्यांनी तो पंप काढला, पेट्रोलमध्ये धुतला, आणि आतला पडदा अंगठ्याखाली धरून दाबून पाहिला. रबर फुगले होते, मऊ पडले होते. हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असते, ते जुन्या रबराला सोसत नाही, हे त्यांना नातवाने आधीच सांगितलेले होते. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून मेणकापडात गुंडाळलेला नवा पडदा काढला. ‘परवाच मागवून ठेवला,’ म्हणाले. तो त्यांनी डोळ्यांशिवाय बसवला. स्क्रूच्या खाचा त्यांची बोटे शोधत होती आणि मी पाना देण्यापलीकडे काही करत नव्हते. नंतर सामान उतरवताना कॅन दिसला, आणि मी काकांना सगळे सांगितले. ते ऐकून घेऊन गप्प बसले. मग एवढेच म्हणाले, ‘तुझ्या आबाला मी तवाच बोललो होतो, दोन कार्बोरेटर म्हंजे हिला तहान जास्त लागणार.’

त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या टाकीतले इथेनॉल उसाचे, ऊस बहुधा आमच्याच जिल्ह्यातला, जिथे कारखान्यांच्या चिमण्या कोणत्याही रस्त्यावरून दिसतात. त्या उसाला धरणाचे पाणी, त्या पाण्यासाठी शेतकऱ्यांची वर्षानुवर्षांची भांडणे आणि आंदोलने. माझ्या गाडीने एकाच दुपारी दोन प्रकारांनी इथले पाणी पिऊन टाकले होते, असे अंधारात पडल्या पडल्या मला वाटत राहिले. आणि मग एक जुनी गोष्ट वर आली, जिच्याकडे मी आजवर नीट पाहिलेच नव्हते.

मी पाचवीत होते. एका दुष्काळी उन्हाळ्यात तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परग्याचा तलाव आटला होता. एका सकाळी आबांनी मला शेजारी बसवले, मिस्त्रीकाकांना मागे, आणि गाडी तलावाच्या पात्रात उतरवली. काठालगतचा गाळ वाळून फरशीसारखा टणक झाला होता. आबा एकदा माझ्याकडे बघून हसले आणि त्यांनी गाडी सोडली. ती मिनिटे माझ्या आयुष्यातल्या सर्वांत सुखाच्या मिनिटांपैकी आहेत, हे मी आजही नाकारणार नाही. खिडकीतून आत येणारी धूळ, पायाखाली थरथरणारा पत्रा, दोन कार्बोरेटरचा तो घशातून निघणारा आवाज, आणि कारखान्याच्या कर्जाने नेहमी वाकलेले माझे आबा मान वर करून मोठ्याने ओरडत होते. मासिकातली आटलेली तळी सोलापुरात आली होती. पण पात्राच्या मध्यावर, जिथे गाळ ओला होता, तिथे बायका होत्या. त्यांनी खड्डे उकरले होते आणि वाटीवाटीने त्यांत पाझरणारे पाणी त्या घागरीत भरत होत्या. आम्ही उडवलेली धूळ त्यांच्याकडे जात होती. त्यांतली एक उठून उभी राहिली आणि तिने दोन्ही तळहात घागरीच्या तोंडावर ठेवले. एवढेच मला दिसले. मग आबांनी गाडी वळवली.

आबांना ती बाई दिसली होती का? मी त्यांना कधी विचारले नाही. पुढे तलाव पुन्हा दोनदा तरी आटला, पण आबांनी गाडी तिथे पुन्हा नेली नाही, आणि त्याचे कारण त्यांनी सांगितले नाही.

कॅन परत करायला मी त्याच संध्याकाळी, परतीच्या वाटेवर, तो काठोकाठ भरून त्या बाभळीखाली थांबले होते. शेळ्यांच्या लेंड्या होत्या, माणूस नव्हते. जवळच्या वस्तीवर विचारले, पण हिरव्या लुगड्याच्या आणि शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्या त्या भागात एक-दोन नसतात. अंधार पडला म्हणून मी निघाले. वाटेत वळसंग लागले आणि मला तिथली विहीर आठवली. गावातल्या दलित वस्तीने स्वतः खोदलेली ती विहीर. तिचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते निघाल्यावरच प्यायचे असे त्या लोकांनी ठरवले होते, आणि १९३७ साली बाबासाहेब खरोखर आले. पाणी समोर भरलेले असताना वाट पाहत राहिलेल्या माणसांच्या गावावरून मी गाडी हाकत होते, आणि मला अर्धा तास धीर धरवला नव्हता.

पुढच्या गुरुवारी मी पहाटे निघाले. कॅन आठवडाभर गाडीतच होता. आदल्या रात्री मी तो राखेने घासून तीनदा धुतला, भरला आणि मागच्या सीटवर दोरीने बांधून ठेवला. सूर्य हातभर वर आला असेल तेव्हा ती मला दिसली, बाभळीपासून बरीच अलीकडे, रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला. मी गाडी थांबवायच्या आधीच तिने आवाज ओळखला होता आणि ती हात वर करून उभी होती. तिच्या काखेत शीतपेयाची दोन लिटरची बाटली होती, तिलाही बारदान शिवलेले. मी कॅन घेऊन धावत रस्ता ओलांडला आणि जे काय बोलायचे ठरवले होते ते सगळे एकदम बोलून टाकले. तिने ते शांतपणे ऐकले. ‘त्या दिशी लई तहान लागली बघ,’ ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. झाले ते तिने सांगितले. ‘तीनच्या टायमाला जीभ टाळूला चिकटली. मग शेळीचं दूध काढून प्याले.’

मला काही बोलता आले नाही. ती रस्ता ओलांडून गाडीपाशी आली, बॉनेटवर तिने तळहात ठेवला आणि म्हणाली, ‘आज गार हाय.’ मग कॅन हातात घेऊन तिने झाकण उघडले आणि पाणी पिण्याआधी नाकाशी नेले. पंप धुतलेली फडकी त्या दिवशी मी सीटखाली कॅनशेजारीच टाकली होती. प्लास्टिक मी घासले होते, पण बारदानात मुरलेला तो वास गेला नव्हता, आणि मला त्या वासाची जन्मापासून सवय असल्याने तो आला नव्हता.

‘पेट्रोल येतंय की गं याला.’

तिने पाणी प्यायले नाही, मातीतही ओतले नाही. रस्त्याच्या कडेला कोवळे, गुडघाभर उंचीचे एक लिंबाचे रोप होते, त्याच्या बुडाशी तिने तो कॅन हळूहळू रिकामा केला, झाकण लावले, सुतळीची गाठ तपासली. ‘राहू दे,’ ती म्हणाली. ‘पोराला डिझेल आणाया होईल.’ रिकामा कॅन काखेत आणि बाटली हातात घेऊन ती शेळ्यांच्या मागे निघाली. शेळ्या तोवर बांधापलीकडे गेल्या होत्या.